घरात घालायचे बूट

गिरजा लांबून येताना दिसली की तोंड दिसायच्या आधीच वाडीला कळायचं की ही गिरजा. एका बाजूला कलून चालायची ती. कडेवर पोरगी असली तरी कललेली, नसली तरी कललेली. नसायची मात्र क्वचितच. पूजा चार वर्षांची झाली तरी आईच्या डाव्या कडेवरून खाली उतरली नव्हती. चार वर्षांचं पोर कडेवर घेऊन पाणी आणा, सरपणाच्या फाट्या आणा, दुसऱ्याच्या शेतात लावणीला जा, मग कंबर सरळ राहील कशी? पण बायका आपल्या विचारायच्या, "गो गिरजे, अशी वाकडी का चालतं?" विचारणाऱ्यांचं काय जातं!

म्हसा गावाच्या अलीकडे, गावाची शेतं संपली की ओहोळाच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे. कुडाची घरं, दोन-चार घरकुलं अर्धी बांधलेली. दिवाळी झाली की वाडी रिकामी होते. टेम्पो येतो, त्यात भांडी, कोंबड्या, पोरं भरली जातात आणि सगळे भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर जातात. मागे म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. पाऊस तोंडावर आला की टेम्पो परत येतो. गिरजाचं लहानपण असंच गेलं, लग्नही भट्टीवरच ठरलं, आणि पूजा जन्मली तीही भट्टीवर, दिवस भरायच्या आधी. शेजारच्या खोपीतल्या बाईनं नाळ कापली. पोर रडलंच नाही बराच वेळ. मग रडलं, आणि सगळ्यांनी हुश्श केलं. तिथंच सगळं संपलं असं त्यांना वाटलं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही.

मान धरायला उशीर झाला. बसायला त्याहून उशीर. गिरजाची सासू सरू म्हणाली, "हिची आत्या पण उशिराच चालली." भगतानं काळा दोरा बांधला. अंगणवाडीत पूजाला दर महिन्याला काट्यावर टांगायचे आणि वजन कमी आहे असं सांगायचे. वजन कमी आहे हे गिरजाला ठाऊकच होतं, उचलत होती कोण? पण पाय असे का, पंजे बाभळीच्या शेंगेसारखे खाली वळलेले का, याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. नवरा धाकलू तसा वाईट नव्हता. मारत नव्हता, जत्रेतून बायकोला बांगड्या आणायचा, पोरीला पिपाणी आणायचा. फक्त पोरीच्या पायांकडे बघायचा नाही. तिच्या तोंडाकडे बघून हसायचा, मग उठून बाहेर जायचा.

गिरजा थकलेली होती. हे एकदा सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही. पूजाला घास गिळायला वेळ लागायचा. भात कुस्करून, पेजेत कालवून, एकेक घास भरवायचा, तो अर्धा बाहेर यायचा, पुन्हा भरवायचा. तिचं जेवण होईस्तोवर गिरजाचा भात गार. कधी कधी तिला वाटायचं, ही पोर नसती तर. मग तिला स्वतःचीच भीती वाटायची आणि ती पूजाला जास्तच घट्ट धरून ठेवायची.

एका पावसाळ्यात लावणी उरकल्यावर निर्मला आली. निर्मला सापगावची, कुणब्याची. शहापूरच्या एका संस्थेत कामाला. लहान पोरांचे हात-पाय, बोलणं, ऐकणं असं बघायला ती वाड्या-पाड्यांवर स्कुटी घेऊन हिंडायची. बोलायला तोंडाळ, मनानं चांगली. तिनं दारात चपला काढल्या, आत आली, पूजाला मांडीवर घेतलं आणि तिचा पंजा हातात धरून वर ढकलला. तो वर येईना.

"ही टाच टेकली पाहिजे बघ गिरजा," ती म्हणाली. "आत्ता थोडी तरी वळते. ओलं कातडं उन्हात पडलं की कसं आखडतं, तशी ही मागची शीर आखडत जाईल. मग कोणी ओढून पण खाली यायची नाय. टाच टेकली तर पोरगी उभी राहील, चालंल पण. नाय टेकली तर नाय."

चार वर्षांत पोरीबद्दल कुणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं. गिरजाला एवढंच समजलं की सगळं टाचेवर आहे. निर्मलानं पाय कसा ओढून धरायचा ते शिकवलं. चुलीवर भात रटरटत असताना गिरजा पूजाचा पाय मांडीवर घेऊन धरून बसायची. पूजा किंचाळायची. सरू म्हणायची, "सोड गो तिला, मारतं का पोरीला!" गिरजा सोडायची नाही.

पुढच्या उन्हाळ्यात, भट्टीवरून आल्यावर, शहापूरला संस्थेचं शिबिर झालं. एसटीनं मुरबाड, तिथून दुसरी एसटी शहापूर, पूजा कडेवर. तिथं पायावर ओलं प्लास्टर गुंडाळून माप घेतलं आणि काही आठवड्यांनी बूट मिळाले. तपकिरी कातड्याचे, जाड तळव्याचे, आत पोटरीपर्यंत पांढरी प्लास्टिकची पट्टी, वर चिकटपट्टीचे बंद. गिरजानं आयुष्यात पहिली चप्पल घातली ती लग्नात. एवढी चांगली वस्तू त्यांच्या घरात कुणाच्या पायात कधी गेली नव्हती.

"रोज घालायचे. विसरायचं नाही," तिथले साहेब म्हणाले.

"घालीन," गिरजा म्हणाली.

आणि ती विसरली नाही. पुढचे सगळे दिवस तिनं नेमानं बूट घातले. सकाळी अंगणवाडीला निघताना पूजाला उंबऱ्यावर बसवायची, पट्टी नीट बसवायची, बंद ओढायची आणि तिला कडेवर घ्यायची. अंगणवाडीच्या दारात सगळी पोरं चपला काढतात, म्हणून तिथं काढायची. परत येताना घालायची. घराच्या दारात काढायची, पदरानं पुसायची आणि कुडाच्या वरच्या फटीत ठेवायची, म्हणजे कुत्रं न्यायला नको. दुकानाला घालून जायची, लसीला घालून जायची. पूजाचे पाय गिरजाच्या कमरेशी लोंबायचे आणि बूट ऐटीत हालायचे. वाडीतली पोरं बघायला यायची. गिरजाला तेव्हा थोडं बरं वाटायचं, अगदी खरं सांगायचं तर मिरवायलाही आवडायचं.

निर्मला आली की विचारायची, "बूट घालतेस ना गो?"

"घालते ना ताई. रोज."

निर्मला खूश. पूजाचा व्यायाम घ्यायची, उघड्या पायांनी, कारण आत बसलेलं असताना बूट घालायचा प्रश्नच कुठं येतो? मग उठून दारात आपल्या चपला घालून निघून जायची.

नवरात्राच्या आधी तपासणीला शहापूरला बोलावलं, निर्मलाही बरोबर होती. डॉक्टर नवीन होता, तरुण होता आणि बाहेर रांग मोठी होती. त्यानं पूजाचा पाय दाबला, वळवला आणि कपाळाला आठी घातली.

"टाच आणखी वर गेलीय. बूट घातलेच नाहीत तुम्ही."

"घालते साहेब. रोज घालते."

"खोटं बोलू नका. रोज घातले असते तर असं झालं नसतं. इतकं करून देतो आम्ही, आणि तुम्ही लोक घरात नुसतं ठेवून देता." मग निर्मलाकडे वळून म्हणाला, "आता पुन्हा प्लास्टरनं पाय हळूहळू वळवावा लागेल. त्यानंतर नवे बूट. पावसाळ्यापर्यंत टाच खाली आली तर ठीक. नाहीतर मुंबईला ऑपरेशन."

गिरजाला मुंबईचं ऑपरेशन म्हणजे काय ते कुणी सांगायला नको होतं. तिथं राहणार कोण, भट्टीवर जाणार कोण, पैसे आणणार कोण? ते होणार नव्हतं. म्हणजे पूजा कडेवरच राहणार होती. आठ वर्षांची होईल, दहा वर्षांची होईल, गिरजाची कंबर मोडेल, पूजा कडेवरच. हे सगळं तिला त्या खोलीत उभ्या उभ्या दिसलं. पण त्या क्षणी तिला जे लागलं ते वेगळंच होतं.

बाहेर बाकावर बसल्यावर ती निर्मलाला म्हणाली, "मी खोटं नाय बोलली, ताई."

निर्मला चिडलेलीच होती. तिनं बूट हातात घेतला, उलटा केला आणि बघतच राहिली. तळवा कोरा होता. मापाचा कागद अजून तिथं चिकटलेला होता, त्याचा कोपरासुद्धा फाटला नव्हता.

"गिरजा, हे घालतेस कधी गो तू?"

"भाहेर जाताना. अंगणवाडीला, दुकानाला. एक दिवस चुकवला नाय."

"आणि घरात?"

गिरजानं तिच्याकडे असं बघितलं, जणू ही बाई वेडीच आहे. "घरात कोण घालतं बूट?"

 निर्मलानं खाली स्वतःच्या पायांकडे पाहिलं. तपासणीच्या खोलीत जाताना तिनंही चपला दाराशी काढल्या होत्या आणि अजून घातल्या नव्हत्या. गिरजाच्या घरी ती इतक्यांदा गेली, दर वेळी उंबऱ्याशी चपला काढून गेली. बूट घराबाहेरच्यासाठी असतात हे तिलाही जन्मापासून माहीत होतं. पण ही पोरगी घराबाहेर पायानं जातच नाही, जाते ती कडेवरून, हे तिच्या ध्यानात आलं नाही. साहेबांच्या तर येणारच नव्हतं. सगळे शहाणे, आणि कातडी तळव्याला मातीचा कण लागला नाही.

"चुकलं गो माझं," निर्मला शेवटी म्हणाली. "घरातच घालायचे होते. उठल्यापासून झोपेपर्यंत. ती उभी राहणार ती घरातच ना. ते मी सांगितलंच नाय."

गिरजाला राग आला. खूप वर्षांनी आला. पण निर्मलावर काढावा असं वाटेना, आणि डॉक्टर तर आत पुढचं पोर तपासत होता. एसटीत ती पूजाला मांडीवर घेऊन बसली आणि किन्हवली येईपर्यंत रडली. मग थांबली, कारण पूजाला भूक लागली होती.

प्लास्टरचे दिवस वाईट गेले, त्यांचं काय सांगायचं. दिवाळीच्या तोंडावर नवे बूट आले. आता सासूशी बोलायचं होतं. निर्मला म्हणाली, "मी समजावते आजीला." गिरजा म्हणाली, "नको. मीच बोलते."

सरूचं घर म्हणजे सरूचं घर. शेणानं सारवलेलं, कोपऱ्यात शेंदूर लावलेला देव, त्याच्याच अंगाला चूल. आजवर पाहुणा असो की पुढारी, उंबऱ्याच्या आत कुणी चप्पल आणली नव्हती. गिरजानं सांगितलं तेव्हा सरू केरसुणी हातात धरून उभी राहिली.

"चुलीपाशी कातडं?"

"आये, नायतर ती चालायची नाय."

"देवापुढं बूट घालून बसंल पोरगी?"

"उभी राहंल," गिरजा म्हणाली. "बसायची नाय. उभी राहंल."

सरू पुन्हा झाडायला लागली. सगळं घर झाडून झालं, अंगण झाडून झालं. मग येऊन पूजाच्या पायाशी बसली, नव्या बुटाचा तळवा अंगठ्यानं चाचपला.

"कोरं हाय. माती नाय लागली अजून," ती म्हणाली. "मग असं कर. ह्याला भाहेरची माती लागूच देऊ नको. घरात घाल, भाहेर नेताना काढ. मग ते बूट कुठं रायले? हात-पाय असल्यासारखंच ते."

आणि तसंच ठरलं. साऱ्या वाडीत पूजा एकटीच अशी, जी घरात शिरताना बूट घालायची आणि बाहेर पडताना काढायची. शेजारणी खिदळायच्या, "सरूच्या घरी सगळं उलटंच!" सरू एकेकीचा असा काही उद्धार करायची की पुन्हा कुणी हसलं नाही. घराच्या मधल्या खांबाला, मेढीला धरून पूजा उभी राहायची, सारवलेल्या जमिनीवर बूट धप धप वाजवायची आणि देवाकडे बघून लाळ गाळत हसायची. सरू म्हणायची, "बघतोय तो. बघू दे त्याला पण."

दिवाळी झाली. टेम्पो आला. सरू मागे राहिली, गिरजा, धाकलू आणि पूजा भट्टीवर गेले.

भट्टीवर घर कसलं! कच्च्या विटा माणसाच्या छातीइतक्या रचायच्या, वर पेंढा आणि ताडपत्री, झाली खोप. दार नाही, उंबरा नाही. बाहेरही माती, आतही माती. पहिल्या दिवशी गिरजा बूट हातात घेऊन उभीच राहिली, आत कुठं संपतं आणि बाहेर कुठं सुरू होतं ते कळेना. मग तिनं विटांच्या रांगेनं उंबरा केला आणि सासूचा नियम तसाच पाळला. पूजा खोपीत, बुटांसकट, भिंतीला धरून. गिरजा समोर, धाकलूनं तुडवलेला चिखल फरम्यात भरत, विटा थापत.

सकाळी अंधारातच काम लागायचं. ऊन चढेपर्यंत पाठ ताठ करता यायची नाही. मग स्वयंपाक, पाणी, पूजाचा घास, पुन्हा दुपारचं काम. पाय ओढून धरायचा व्यायाम सुरुवातीला रोज व्हायचा, मग एक दिवसाआड, मग व्हायचा तेव्हा व्हायचा. बूट मात्र तिनं चुकवले नाहीत. पण एक गोष्ट ती मनातल्या मनात टाळत होती. संध्याकाळी बूट काढताना ती टाचेकडे बघायची नाही. पाय धुवायची, तेल लावायची, चादर ओढायची. बघून काय करायचं? वर गेलेली असली तर पावसाळ्यापर्यंतचा धीर आत्ताच सुटला असता. निर्मलाचा फोन यायचा धाकलूच्या मोबाइलवर. "टाच कशी आहे गो?" गिरजा म्हणायची, "बरी हाय." हे मात्र खोटं होतं, कारण तिनं बघितलंच नव्हतं.

म्हशाच्या जत्रेचे दिवस आले. मुकादमानं सुट्टी दिली नाही. धाकलू गप्प गप्प चिखल तुडवत होता. गिरजानं सकाळभर थापलेल्या विटांच्या ओळी खोपीपासून पार बांधापर्यंत पसरल्या होत्या, ओल्या, चकचकीत. ती फरमा धुवायला पाण्यावर गेली होती. तेवढ्यात मुकादमाची आरोळी आली.

"कुणाचं कारटं आहे रे? विटा तुडवल्यात! बूट घालून कोण नाचलंय माझ्या विटांवर?"

भट्टीवर बूट मुकादमाच्याच पायात असतात. बाकी सगळे अनवाणी. माणसं कामं टाकून बघायला लागली. गिरजा धावत आली. खोपीच्या विटांच्या उंबऱ्याशी पूजा नव्हती. ती ओळीच्या पलीकडे, सुकलेल्या विटांच्या थप्पीला दोन्ही हातांनी कवटाळून उभी होती, तोंडाला चिखल, आणि खुशीत ओरडत होती.

खोप ते थप्पी, मधल्या विटांवर छोट्या बुटांचे ठसे होते. कुठं हात टेकल्याचे, कुठं गुडघा घसरल्याचे, कुठं पडून उठल्याचे. गिरजा खाली बसली. पहिल्या ठशात नुसता चवडा होता, पुढं दाबलेला.  तिनं दुसरा बघितला. तिसरा बघितला. तिसऱ्यात मागच्या बाजूला एक गोल खड्डा होता, खोल, पाणी साठेल असा. पुढच्या विटेतही होता. त्याच्या पुढच्याही.

"टाच," ती म्हणाली.

"काय?" मुकादम खेकसला.

"टाच हाय, साहेब. टेकली."

मुकादमाला काय कळणार! "टाच असू दे नाहीतर काय असू दे, ह्या विटा तुझ्या नावावर धरणार नाय. पुन्हा थाप," असं म्हणून तो गेला. धाकलू मात्र आला. तो वाकला आणि बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिला. मग उठून पूजाच्या पायांकडे, बुटांकडे, टाचांकडे त्यानं नीट बघितलं, जन्मात पहिल्यांदा.  ठसे पडलेल्या विटा मोडून त्यानं चिखलात टाकल्या, कारण त्या मोडाव्याच लागणार होत्या. शेवटची मोडताना गिरजाकडे बघितलं. गिरजा म्हणाली, "मोड."

तिला हसू आलं नाही, रडू आलं नाही. आता सगळी ओळ पुन्हा थापायची होती आणि ऊन चढलं होतं. ती पूजाकडे गेली. सवयीनं डावी कंबर पुढं झाली, हात तिच्या काखेत गेले. मग तिनं बुटांकडे बघितलं. तळव्यापासून पोटरीपर्यंत ओल्या चिखलानं थबथबले होते. असं पोर कडेवर घेतलं तर साडीची वाट लागणार, आणि आज धुवायला तिच्यात त्राण नव्हतं.

तिनं पूजाचे हात धरले आणि तिला खोपीकडे तोंड करून उभं केलं.

"चल," गिरजा म्हणाली. "पायानं चल आता. मी नाय घेणार."